रोजच्या पानाची मिळकत

(गोरेगाव, जि. गोंदिया येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मला विषय दिला गेला तो फोनवर, एका दमात. 'रोज लिहिण्यानं माणसाला काय मिळतं ते सांगा, पण लेखकांना काय मिळतं ते नको; आम्हाला काय मिळेल ते सांगा.' ही अट मला आवडली. लिहिण्याविषयी आपल्याकडे जी व्याख्यानं होतात ती बहुधा होतकरू कवींना उद्देशून असतात आणि बाकीचं सभागृह उगाच ताटकळत बसतं. इथं शिक्षक आहेत, बचत गटाचं इतिवृत्त लिहिणाऱ्या भगिनी आहेत, महाविद्यालयातली मुलंमुली आहेत, आणि मागच्या रांगेत काही आजोबा आहेत, ज्यांनी चौथीनंतर सही सोडून फारसं काही लिहिलं नसेल. पुरस्कार, मानधन, प्रसिद्धी यांतलं काही यांना नको आहे. मग दिवसभर राबून आल्यावर रात्री वही उघडून बसायचं कशासाठी?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे न पटल्यास तुम्हाला वेळीच उठता येईल. रोज लिहिणाऱ्याची खरी मिळकत वहीत जमा होत नाही. ती त्याच दिवशी, वही उघडायच्या आधीच, त्याला मिळून गेलेली असते. रात्री लिहायचं आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो दिवसभर वेगळ्या नजरेनं हिंडतो. पान भरतं ते नंतर. कित्येकदा ते पान सुमारही असतं, आणि त्यानं काही बिघडत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यात होऊन गेलं. इथून कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागलं, मुरदोलीचं जंगल मागे टाकलं, की पुढे नवेगावबांध. त्या तळ्याच्या काठी मारुती चितमपल्ली नावाचा वनाधिकारी राहिला. जन्म सोलापूरचा, १९३२चा. वनविद्येचं शिक्षण कोइमतूरला. मग वनखात्यात तीन तपांची नोकरी आणि १९९० साली निवृत्ती. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, २०२५ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. एवढं तुमच्यातल्या बहुतेकांना पाठ असेल. मला बोलायचं आहे ते त्यांच्या पुस्तकांच्या आधीच्या वर्षांबद्दल.

'पक्षी जाय दिगंतरा' १९८३ साली आलं. म्हणजे लोकांनी लेखक म्हणून त्यांना ओळखलं तेव्हा ते पन्नाशीला पोचले होते. त्याआधीची वीसेक वर्षं हा माणूस जंगलात हिंडत होता आणि नोंदी करत होता. वनखात्यात दैनंदिनी लिहावीच लागते: कुठं गेलो, काय तपासलं, मुक्काम कुठं केला. ती लिहून झाली की बहुतेक जण कंदील मालवून झोपतात, आणि त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. चितमपल्ली त्यापुढे आपल्यासाठी लिहीत. आज कोणता पक्षी कुठल्या झाडावर दिसला, काय खात होता, गावातला माणूस त्याला काय म्हणतो, त्याच्याबद्दल कोणती गोष्ट सांगतो. या नोंदी कुणी मागितल्या नव्हत्या. कुणी तपासणार नव्हतं. त्यातून पुढे पुस्तकं निघतील, निवृत्तीनंतर पक्षिकोशासारखं काम उभं राहील, याची हमी तर मुळीच नव्हती.

त्या वर्षांत त्यांना काय मिळालं असेल? मला वाटतं, सगळ्यात आधी मिळालं ते अज्ञान. हे मी गमतीनं म्हणत नाही. तळ्यावर बदकं उतरली, एवढं तोंडानं बोलून भागतं. कागदावर मांडायला घ्या, की प्रश्न उभे राहतात. कोणती बदकं? किती? कुठून आली? पाण्यात बुडी मारत होती की काठावर चरत होती? आणि उत्तर येत नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तळ्यावर जावं लागतं, किंवा ज्याला ठाऊक आहे त्याला गाठावं लागतं. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे चितमपल्लींचे असे जाणकार. तळ्याकाठी पिढ्या काढलेला माणूस. त्यांच्याकडून, मासेमारी करणाऱ्या ढिवरांकडून, गोंड वाटाड्यांकडून हा कोइमतूरला शिकलेला अधिकारी शिकत राहिला. साहेबानं गावकऱ्यापाशी बसून विचारणं ही त्या काळात, आणि आजही, साधी गोष्ट नाही. लिहिणाऱ्याला मात्र विचारावंच लागतं. अर्धं वाक्य लिहून पुढे जाता येत नाही, ही अडचणच त्याला माणसांपर्यंत घेऊन जाते.

तुम्ही आज घरी जाऊन करून बघा. रोज ज्या झाडाखालून जाता त्या झाडाबद्दल दहा ओळी लिहायला बसा. चौथ्या ओळीला पेन थांबेल. त्याला फुलं कोणत्या महिन्यात येतात? साल गुळगुळीत की खवल्यांची? पूर्वेकडची मोठी फांदी कधी तुटली? झाड तुमच्या जन्माआधीपासून तिथं आहे, आणि तुम्ही त्याला अजून नीट पाहिलेलं नाही. झाडाचं सोडा. आपल्या आईच्या हातांबद्दल दहा ओळी लिहा. पेन थांबलं की उद्या सकाळी तुम्ही त्या हातांकडे बघालच. मी म्हणतो ती मिळकत ही.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' हे पुस्तक याच जातीचं. तुमच्या शेजारच्या जंगलात मुक्काम ठोकून, पाणवठ्यावर तासन्‌तास बसून, वहीत टिपत आणि चित्रं काढत त्यांनी ते जंगल पाहिलं. नागझिऱ्याला आज हौशी मंडळी येतात, वाघ दिसला का विचारतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जातात. फोटोला माझा विरोध नाही. पण फोटो काढला की पाहायचं काम संपलं असं वाटतं, आणि लिहायला बसलं की ते सुरू होतं. हा फरक मी अनेकांना प्रयोग करून बघायला सांगितला आहे. अजून तरी कुणी येऊन माझ्याशी भांडलेलं नाही.

आता अमेरिकेत जाऊन येऊ, लगेच परत येतो. कॉन्कॉर्ड नावाच्या गावात हेन्री डेव्हिड थोरो १८३७ ते १८६१ अशी चोवीस वर्षं रोजनिशी लिहीत होता. जवळजवळ वीस लाख शब्द. त्यातली काही वर्षं त्याला एक नादच लागला होता: गावाभोवती कोणतं रानफूल कोणत्या तारखेला पहिल्यांदा उमललं, ते टिपायचं. त्यासाठी रोज मैलोगणती चालायचा. शेजाऱ्यांना हे उद्योग रिकामपणाचे वाटत. तो १८६२ साली वारला, चव्वेचाळीसाव्या वर्षी. दीडशे वर्षांनी बोस्टन विद्यापीठातल्या रिचर्ड प्रायमॅक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या तारखा घेऊन तोच परिसर पुन्हा पाहिला. फुलं सरासरी आठवडाभर आधी उमलू लागली होती. हवामान तापतंय याचा एवढा स्थानिक पुरावा दुसरीकडून मिळाला नसता. पण थोरोला हवामानबदलाचं काय? त्याला फक्त त्या सकाळी फूल बघायचं होतं. दीडशे वर्षांनंतरचा उपयोग हा वरचा नफा. मुद्दल त्यानं जिवंतपणीच वसूल केलं होतं.

आपल्याकडे अशा नोंदींना काय तोटा? मोहफुलं कधी गळायला लागली, तेंदूपानं कधी तोडणीला आली, पऱ्हे कधी टाकले, रोवणी कधी लागली आणि कधी उरकली, बोडी कोणत्या नक्षत्रात भरली. तुमच्या जिल्ह्यात सारस उरले आहेत. महाराष्ट्रात ते आता फारच थोड्या ठिकाणी दिसतात, आणि उरलेल्यांपैकी बरेचसे इथल्या धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांच्या काठी आहेत. दर उन्हाळ्यात त्यांची गणना होते. पण वर्षातून एकदा मोजणाऱ्या माणसापेक्षा, ज्याच्या बांधीत जोडी उतरते त्या शेतकऱ्याला जास्त दिसतं. त्यानं ते लिहिलं तर पक्ष्याचं भलं होईल, हे खरं. पण मला दिलेला विषय 'त्याला काय मिळेल' असा आहे. त्याला मिळेल ती ओळख. आपल्या बांधीत कोण राहतं याची.

या व्याख्यानमालेला ज्या गुरुजींचं निमित्त आहे, त्यांच्या काही वह्या त्यांच्या घरच्यांनी मला वाचायला दिल्या. त्यात साहित्य म्हणावं असं एकही पान नाही. शाळेत किती मुलं आली, कोण आलं नाही आणि का आलं नाही, कुणाकडे लग्न, कुठं पाऊस, काय भावानं धान गेलं. अक्षर सुरेख, वाक्यं तुटक. ती चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. पाऊस लांबल्याची तक्रार त्यांच्या जुन्यात जुन्या वहीतही आहे.

आपण सगळे म्हणतो, पूर्वी मृग लागला की पाऊस यायचाच. आता नेम राहिला नाही. यात तथ्य आहेच, पाऊसमान बदललं आहे आणि त्याचा अभ्यासही झाला आहे. पण 'यायचाच' हे आपण आठवणीच्या भरवशावर बोलतो, आणि आठवण ही फार प्रेमळ पण खोटी साक्षीदार आहे. तिला जे आवडतं ते ती ठेवते. ज्या वर्षी पऱ्हे करपले ते वर्ष ती हळूच बाजूला सारते. वही असं करत नाही. ती तुमच्या बाजूची नसते. चार्ल्स डार्विननं आत्मचरित्रात आपला एक जुना नियम सांगितला आहे: आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली किंवा सुचली, की ती तिथल्या तिथं लिहून ठेवायची. का? तर सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात आणि गैरसोयीच्या लवकर विसरतात, हे त्यानं अनुभवानं ओळखलं होतं. एवढा मोठा शास्त्रज्ञ स्वतःच्या स्मरणावर विश्वास टाकत नाही, आणि आपण भाऊबंदकीत वीस वर्षांपूर्वी कोण काय बोललं ते शपथेवर सांगतो!

घरातले निम्मे तंटे या सवयीनं मिटतील असा दावा मी करणार नाही. काही तंटे वाढतीलही. पण एक नक्की होतं. रोज लिहिणाऱ्याला काही वर्षांनी स्वतःची जुनी पानं वाचायला मिळतात, आणि तिथं त्याला एक अनोळखी माणूस भेटतो. ज्या गोष्टीनं त्या वेळी आठवडाभर झोप उडाली होती, तिचा आज मागमूस नाही. ज्या माणसाला आपण पहिल्यापासून ओळखून होतो असं सांगत फिरतो, त्याचं त्या पानावर भरभरून कौतुक आहे. हे वाचताना कान गरम होतात. पण स्वतःबद्दल इतकी खरी माहिती दुसरं कुणी देणार नाही. शेजारी तोंडावर बोलत नाहीत, आणि नातेवाईक बोलतात ते रागात.

आता सानेगुरुजींकडे वळतो, कारण त्यांच्याविषयी एक गैरसमज शिक्षकमंडळीत फार आहे. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली, ९ फेब्रुवारी १९३३ला सुरू केली आणि १३ तारखेच्या पहाटे संपवली. पाच दिवस. ही हकीकत ऐकून मुलं म्हणतात, प्रतिभा असली की झालं. रोज घासत बसायची गरज काय? पण त्या पाच दिवसांच्या आधीची अमळनेरची वर्षं कुणी सांगत नाही. १९२४ ते १९३० गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' काढत. छापील नव्हे, हाताने लिहिलेलं. दैनिक म्हणजे दैनिक! दिवसभर वर्गात शिकवायचं, मुलांचं आजारपण बघायचं, खोल्या झाडायच्या, आणि त्यातूनच वेळ काढून उद्याचा अंक लिहायचा. वाचक कोण, तर वसतिगृहातली पोरं. आवृत्ती एका प्रतीची.

याचा गुरुजींना काय लाभ झाला, हे समजायला अमळनेरचं ते वसतिगृह डोळ्यांसमोर आणा. पन्नास ठिकाणची मुलं, घरची आठवण काढून रडणारी, भांडणारी, आळशी. त्यांना रोज काहीतरी सांगायचं तर त्यांच्याकडे रोज बघावं लागतं. कोण गप्प आहे, कोणाला घरून पत्र आलं नाही, कोणी काल कुणाला ताट वाढलं. मुलांशी बोलण्याची जी भाषा आपण गुरुजींची म्हणून ओळखतो, ती तुरुंगात अचानक सापडली नाही. समोरच्या खऱ्या मुलांसाठी रोज लिहिता लिहिता ती तयार झाली. नाशिकच्या तुरुंगात हात फक्त धावला. आणि समजा 'श्यामची आई' लिहिली गेलीच नसती, तरी अमळनेरच्या त्या वर्षांत गुरुजींना मुलं कळली, हे कुठं जात नव्हतं. इथल्या शिक्षकांना माझा एवढाच प्रश्न आहे. रोज नका काढू, आठवड्याला एक हस्तलिखित पान वर्गाच्या दाराशी लावता येईल का? मुलांनी लिहिलेलं नको. तुम्ही लिहिलेलं.

दुःखाविषयी थोडं बोललं पाहिजे, कारण वही बरेच जण प्रथम उघडतात ती दुःखातच. १९८६ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या विद्यार्थिनी सहकारी सँड्रा बील यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन मुलांना त्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले. काहींना आयुष्यातला सगळ्यात जिव्हारी लागलेला प्रसंग लिहायला सांगितला, घडलं ते आणि वाटलं तेही. लिहून झाल्यावर या दुसऱ्या मुलांचं मन आधीपेक्षा जड झालं. पण पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात त्यांच्या खेपा कमी झाल्या. पुढे असे प्रयोग जगभर झाले. परिणाम सगळीकडे सारखा आला नाही, कुठं जास्त, कुठं अगदी थोडा. त्यामुळे लिहिणं म्हणजे औषध असं मी इथून सांगणार नाही. ज्याला डॉक्टरची गरज आहे त्यानं डॉक्टरकडे जावं.

पेनेबेकरांच्या पुढच्या कामातली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. कोणाला जास्त गुण येतो हे शोधताना त्यांना दिसलं, की पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांच्या लिहिण्यात 'कारण', 'त्यामुळे', 'आता कळतं' असले शब्द वाढत गेले, त्यांना ते जास्त लाभलं. म्हणजे तेच रडगाणं रोज नव्या पानावर उतरवून उपयोग नाही. त्यानं जखम ओली राहते. रोज त्याच घटनेकडे एक पाऊल सरकून बघितलं, आज सासूच्या बाजूनं, उद्या त्या वेळच्या घरच्या तंगीच्या बाजूनं, तर हळूहळू तिची गोष्ट होते. गोष्टीला सुरुवात असते आणि शेवटही असतो, त्यामुळे ती झेपते. ना. ग. गोरे यांचं 'कारागृहाच्या भिंती' वाचलंत तर हे दिसेल. बेचाळीसच्या लढ्यातल्या कैदेची ती दैनंदिनी. भिंत रोज तीच. पण रोज लिहिणाऱ्या माणसाला त्या भिंतीआडही दिवस वेगवेगळे दिसतात. एरवी तुरुंग माणसाकडून पहिली हिरावून घेतो ती तारीख.

भगिनींनी आत्तापर्यंत मनात म्हटलं असेल, हे सगळं ठीक आहे हो, पण लिहिलेलं ठेवायचं कुठं? हा प्रश्न पुरुष व्याख्याते सहसा टाळतात. घरात प्रत्येकाला कुलपाचं कपाट नसतं. वही सापडते, वाचली जाते, जेवताना सगळ्यांसमोर टोमणा येतो. लिहिलेलं अंगाशी येतं हे इतिहासानंही दाखवलं आहे. वासुदेव बळवंत फडके १८७९ साली पकडले गेले, आणि पुण्याच्या खटल्यात त्यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र त्यांच्याविरुद्धच पुरावा म्हणून आलं. इंग्लंडातला सॅम्युअल पेपीस १६६० ते १६६९ रोजनिशी लिहीत होता. आपले आणि राजदरबारचे नसते उद्योग त्यानं त्यात बिनदिक्कत लिहिले, पण एका लघुलिपीत, म्हणजे बायकोला आणि नोकरांना वाचता येऊ नये. आपल्याकडे काळानंच हे काम केलं. जुन्या पेटाऱ्यांतल्या मोडीतल्या वह्या आज नातवंडांना वाचता येत नाहीत. कुलूप न लावताच लागलं.

त्यामुळे माझा सल्ला सोपा आहे, आणि थोडा चोरटा. सगळं लिहायचं बंधन नाही. हिशेबाच्या वहीत, दुधाच्या आकड्याशेजारी चार शब्द टाका. 'ती आली होती. बरं वाटलं.' ती कोण हे तुम्हाला कळलं, पुरे झालं. लिहून फाडलं तरी चालेल. मिळकत आधीच पदरात पडते असं मी सुरुवातीला म्हणालो. ते खरं असेल तर फाडलेल्या पानाचीही ती बुडत नाही.

इथं मला माझ्याच म्हणण्याला आडवं जायचं आहे, नाहीतर हे व्याख्यान जाहिरात होईल. नीट बघायला वही लागतेच असं नाही. तुम्ही धानवाले आहात, एचएमटी तुम्हाला मी सांगायला नको. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन थोडकी. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. शेकडो माणसं त्याच बांधावरून गेली असतील. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवड करत नेल्या, आणि त्या काळी मिरवायच्या घड्याळाचं नाव मिळालेलं ते वाण घरोघर गेलं. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका आप्तानं ऐकून उतरवली, आणि १९५२ साली, त्या गेल्यानंतर वर्षभरात, ती छापून आली. ही माणसं न लिहिता आपल्यापेक्षा जास्त बघत होती. तेव्हा ज्याला ती नजर उपजत आहे त्यानं खुशाल वही बाजूला ठेवावी. मी बोलतोय ते आपल्यासारख्यांसाठी. आपल्याला रात्री कुणी जाब विचारणार नसेल तर आपण दिवसभर डोळे मिटूनच चालतो.

आता दोन-चार प्रश्न, जे मला हमखास विचारले जातात. मोबाइलवर लिहिलं तर चालेल का? चालेल. फक्त तो मोबाइल मध्येच आवाज करून तुम्हाला दुसरीकडे घेऊन जातो, एवढं सांभाळा. किती लिहायचं? कमीत कमी. पहिल्या आठवड्यात पानं भरणारा पुढच्या महिन्यात थांबतो, हे ठरलेलं. रोज तीन ओळी लिहिणारा टिकतो. खाडा झाला तर? होऊ द्या. मागचे दिवस आठवून भरायला बसू नका, त्यात फार थापा शिरतात. तारीख टाकून पुढे जा. रोवणीच्या दिवसांत कुणाला फुरसत आहे? त्या दिवसांत तारीख आणि 'रोवणी' एवढं लिहिलं तरी ती नोंद झाली. आणि सवय सुटलीच तर? पेपीसनं डोळे जातील या धास्तीनं १६६९च्या मे महिन्यात लिहिणं बंद केलं. डोळे गेले नाहीत. त्यानंतर तो चौतीस वर्षं जगला आणि तशी रोजनिशी पुन्हा कधी धरली नाही. मला त्याची राहून राहून हळहळ वाटते. लंडनची नाही, त्याची. त्या चौतीस वर्षांत त्यानं बरंच काही केलं, पण ते सगळं इतरांना कळलं ते त्याच्या पदांवरून आणि कागदपत्रांवरून. जेवायला काय होतं, कुणाचा राग आला, रात्री कशानं हसू फुटलं, हे त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नसणार.

संयोजकांना एक विनंती करून थांबतो. गावच्या वाचनालयात एक कपाट अशा वह्यांसाठी मोकळं ठेवता येईल का? ज्यांच्याकडे वडिलांच्या, आजोबांच्या वह्या आहेत, पाऊस, पेरणी, मजुरीचे दर, लग्नांचे आहेर, काहीही, त्यांनी द्यायच्या असतील तर द्याव्यात. अट एकच असावी, आणि ती दारावर लिहून लावावी: देणाऱ्यानं हवी ती पानं शिवून बंद करून दिली तर ती शिवण कुणी उसवायची नाही, वाचनालयाच्या अध्यक्षांनीसुद्धा नाही. मोडीतल्या वह्या असतील तर त्या वेगळ्या फडताळात ठेवा. त्या वाचणारं कुणी नागपूरहून किंवा भंडाऱ्याहून आणता येईल का ते आपण चहाच्या वेळी बोलू.